केसाच्या मुळाशी : शेगाव तालुक्यातील केसगळती आणि वैद्यकीय संशोधनाची वाट

शेगाव म्हटले की महाराष्ट्राला संत गजानन महाराजांचे स्मरण होते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील हा मुलूख काळ्या कसदार जमिनीचा, परंतु खाऱ्या पाण्याचा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात तो मोडतो. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस मात्र या तालुक्याचे नाव एका अगदी वेगळ्या कारणाने देशभर गेले. बोंडगाव, कालवड, हिंगणा, कठोरा, भोनगाव आदी गावांतील माणसांचे केस एकाएकी गळू लागले. आधी डोक्याला खाज सुटे, काहींना ताप, डोकेदुखी, उलट्या वा जुलाब होत. मग केसांतून हात फिरवावा तर पुंजकाच हाती यावा आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडावे, असा प्रकार घरोघर दिसू लागला. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ या काळात १८ गावांतील २७९ व्यक्तींना ही बाधा झाल्याची नोंद आहे. त्यांत लहान मुले होती, वृद्ध होते, तशाच महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीही होत्या.

केस गळाले म्हणून कोणी दगावले नाही. त्यामुळे दूरच्या वाचकाला हा विषय काहीसा विनोदी वाटला असल्यास नवल नाही. गावात मात्र तो विनोदाचा राहिला नव्हता. मुली शाळेत व महाविद्यालयात जाईनाशा झाल्या, ठरत आलेले विवाहसंबंध अडले, कित्येकांनी लोकांच्या नजरा चुकविण्यासाठी सरळ मुंडन करून घेतले. त्याहून मोठी चिंता अशी की, ज्या कारणाने चार दिवसांत डोक्यावरचे केस जातात, ते कारण शरीराच्या आत आणखी काय करीत असेल, हे कोणालाच ठाऊक नव्हते. या प्रश्नाचा मागोवा संशोधकांनी कसा घेतला आणि ते पुढे कोणत्या दिशेने जाऊ इच्छितात, हे समजून घेणे ग्रामीण भागात काम करणाऱ्या प्रत्येकास उपयोगाचे आहे. कारण या शोधातील बरीचशी सामग्री प्रयोगशाळेत नसून गावाच्या दप्तरात आहे.

पहिला संशय पाण्यावर

जानेवारी २०२५ च्या प्रारंभी आरोग्य विभागाची पथके गावांत पोहोचली. त्वचारोगतज्ज्ञांनी रुग्ण तपासले, टाळूच्या त्वचेचे तुकडे तपासणीसाठी घेतले. आरंभी बुरशीचा संसर्ग असावा, असा कयास होता. परंतु बुरशीमुळे होणारा नायटा डोक्यावर चट्ट्याचट्ट्याने पसरतो, त्या जागी खपल्या धरतात, आणि त्याला आठवडे लागतात. चाई पडते तेव्हाही बहुधा एखाद-दुसरा गोल भाग उघडा पडतो. एकाच आठवड्यात अनेक घरांतील अनेक माणसांचे डोके मोकळे व्हावे, हे या दोहोंपैकी कशातही बसत नव्हते.

मग संशय पाण्यावर आला. विहिरींच्या आणि कूपनलिकांच्या पाण्याचे नमुने तपासले असता त्यांत क्षार आणि नायट्रेट यांचे प्रमाण बरेच अधिक आढळले. बाधित गावांत असे पाणी न वापरण्याच्या सूचना देण्यात आल्या. पिढ्यान्पिढ्या खाऱ्या पाण्याने गांजलेल्या लोकांनी 'हे पाण्यामुळेच' असे म्हणावे, हे स्वाभाविकच होते. तथापि एक शंका उरत होती. हे पाणी काही डिसेंबरमध्ये अकस्मात खारे झाले नव्हते. आजोबा-पणजोबांनी तेच पाणी प्यायले होते आणि त्यांचे केस टिकले होते. नायट्रेटचा ज्ञात धोका आहे तो मुख्यत्वे तान्ह्या मुलांना, त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते म्हणून. केस गळणे हे काही त्याचे लक्षण नव्हे.

जानेवारीच्या मध्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संस्थांतील तज्ज्ञांची पथके शेगाव तालुक्यात आली. त्यांनी रक्त, लघवी, केस, पाणी, माती आणि अन्नधान्य यांचे नमुने गोळा केले. रोगाचे कारण एकाच दिशेला शोधावयाचे नाही, या भूमिकेतून हे काम झाले.

विंचवापासून गव्हापर्यंत

याच सुमारास रायगड जिल्ह्यातील महाड येथून डॉ. हिम्मतराव बावस्कर हे स्वतंत्रपणे या गावांत आले. त्यांचे नाव महाराष्ट्राला परिचित आहे. १९७६ च्या सुमारास महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करीत असता त्यांनी लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण पाहिले. रुग्णाला घाम सुटतो, हातपाय गार पडतात, मग छातीत पाणी भरून तो दगावतो. दंशानंतर कोणते लक्षण केव्हा दिसते, याची त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून तासातासाची नोंद ठेवली. त्या नोंदी १९८२ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या. विषामुळे शरीरातील उत्तेजक द्रव्ये बेसुमार सुटतात आणि हृदयावर ताण येतो, हे ध्यानी घेऊन रक्तदाबावरील प्राझोसिन हे साधे औषध त्यांनी वापरले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरातले चाळीसएक दगावत. हे प्रमाण पुढे एकापर्यंत खाली आले, असे सांगितले जाते. २०२२ मध्ये त्यांना 'पद्मश्री'ने गौरविण्यात आले. ही हकिगत येथे सांगण्याचे कारण एवढेच की, रोग पाहणे, त्याच्या वेळा टिपणे आणि रुग्णाने काय खाल्ले-प्यायले ते विचारणे ही एका आरोग्य केंद्रातील पद्धतच त्यांनी शेगावातही वापरली.

बाधितांचे रक्त, लघवी आणि केस यांबरोबर त्यांनी घरातील गहूही तपासणीसाठी घेतला आणि ठाणे येथील प्रयोगशाळेत त्याचे पृथक्करण करविले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी जाहीर केलेले निष्कर्ष असे होते : सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण बाधितांच्या रक्तात सुमारे ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेले होते, उलट जस्ताचे प्रमाण कमी होते. शिधावाटप दुकानातून आलेल्या गव्हात दर किलोग्रॅममागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम आढळले, जेव्हा नेहमीचे प्रमाण १.९ मिलिग्रॅमपर्यंत असते. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला होता, असे त्यांनी सांगितले. गहू धुऊन पाहिला तरी सेलेनियम फारसे उतरले नाही. ते दाण्यावर धुळीसारखे बसलेले नसून दाण्यातील प्रथिनांतच सामावलेले असते, म्हणून असे होते.

लाभ आणि विष यांतील अंतर

सेलेनियमचा शोध स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी १८१७ मध्ये लावला आणि ग्रीकांच्या चंद्रदेवतेवरून त्याला नाव दिले. मानवी शरीराला ते लागते, पण फारच थोडे. प्रौढ माणसाची दिवसाची गरज ४० ते ५५ मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा सुमारे वीस हजारावा भाग. शरीरातील पेशींचे रक्षण करणाऱ्या काही विकरांचा ते घटक आहे. परंतु दिवसाला ४०० मायक्रोग्रॅमच्या वर ते नियमित पोटात जाणे सुरक्षित मानले जात नाही. गरज आणि धोका यांत इतके कमी अंतर असलेली मूलद्रव्ये थोडीच आहेत.

शेगावच्या गव्हासंबंधी जाहीर झालेला आकडा घेऊन साधा हिशेब करता येतो. एखाद्याने दिवसाला ३०० ग्रॅम पिठाच्या पोळ्या खाल्ल्या, तर त्याच्या पोटात सुमारे ४,३५० मायक्रोग्रॅम सेलेनियम गेले. म्हणजे सुरक्षित मर्यादेच्या दहापटीहून अधिक. ज्वारीच्या भाकरीवर राहणाऱ्यास किंवा घरचाच गहू दळणाऱ्यास ते गेले नसते. एकाच गल्लीतील एक घर बाधित आणि शेजारचे सुखरूप, असे का, याचे एक संभाव्य उत्तर या हिशेबात आहे.

केसच का गळावेत, याचेही उत्तर रसायनशास्त्र देते. केस आणि नखे ज्या केराटिन या प्रथिनाची बनतात, त्याचे धागे गंधकाच्या दुव्यांनी एकमेकांस घट्ट बांधलेले असतात. सेलेनियम हे गंधकाचे जवळचे भावंड. ते अधिक झाले की गंधकाच्या जागी जाऊन बसते, पण तेवढी पकड त्याला नसते. दुवा कच्चा राहतो आणि केस मुळाशी ठिसूळ होतो. दुसरेही एक निरीक्षण महत्त्वाचे आहे. मोठ्या आजारानंतर किंवा बाळंतपणानंतर केस जातात ते दोन-तीन महिन्यांनी, कारण त्या वेळी वाढ थांबवून विश्रांतीत गेलेले केस उशिरा गळतात. तीन-चार दिवसांत केस गळणे याचा अर्थ, वाढत्या केसाच्या मुळावरच घाला पडला आहे. तेव्हा कारण जुने नसून अगदी अलीकडचे असले पाहिजे, हा निष्कर्ष त्यातून निघतो.

इतरत्र असे घडले आहे काय?

अमेरिकेच्या दक्षिण डाकोटा भागात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लष्करी छावणीतील घोड्यांचे आयाळीचे व शेपटीचे केस गळून खूर सुटू लागले होते. पुढे तेथे वस्ती करणाऱ्या पशुपालकांच्या गुरांनाही तेच होऊ लागले. त्या भागाचे पाणी खारे. म्हणून लोकांनी रोगालाच 'अल्कली रोग', म्हणजे खाऱ्या पाण्याचा रोग, असे नाव देऊन टाकले. हे नाव अनेक दशके चालले. १९३० नंतरच्या दशकात शास्त्रज्ञांनी त्या भागातील धान्य प्राण्यांना खाऊ घालून पाहिले, तेव्हा दोष पाण्यात नसून धान्यात आणि गवतात, आणि तोही सेलेनियमचा, हे निश्चित झाले. शेगावच्या पाण्यासंबंधीची चर्चा ऐकताना हा दाखला आठवल्यावाचून राहत नाही. अर्थात खारपाणपट्ट्यातील पाण्याचे इतर दोष त्यामुळे कमी ठरत नाहीत.

चीनमधील हुपे प्रांतातील एन्शी भागात १९६१ ते १९६४ या वर्षांत माणसांचे केस आणि नखे गळण्याची मोठी साथ आली. सर्वाधिक बाधित पाच गावांतील २४८ रहिवाशांपैकी जवळजवळ निम्म्यांना ती बाधा झाली होती. यांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेथील लोकांच्या पोटात दिवसाला सरासरी ४,९९० मायक्रोग्रॅम सेलेनियम जात होते, असे दाखविले. वर केलेला शेगावचा हिशेब याच्या जवळपास यावा, हे लक्षणीय आहे. एन्शीत सेलेनियमचे मूळ कोळशाच्या थरांत होते. दुष्काळाने भात बुडाला आणि लोकांना मका व भाज्यांवर अधिक विसंबावे लागले, म्हणून ते नेमके त्या वर्षांत माणसांपर्यंत पोहोचले.

अगदी अलीकडे, २००८ मध्ये, अमेरिकेतील दहा राज्यांत २०१ जणांना सेलेनियमची बाधा झाली. एका द्रवरूप पूरक आहारात चुकून लिहिल्यापेक्षा २०० पट सेलेनियम पडले होते. त्यांपैकी सुमारे शेकडा ७२ जणांचे केस गळाले, अनेकांची नखे बिघडली, जुलाब आणि सांधेदुखीही झाली.

आपल्या देशातही ही समस्या नवी नाही. पंजाबच्या होशियारपूर आणि नवांशहर (आता शहीद भगतसिंग नगर) या जिल्ह्यांतील काही पट्ट्यांत जमिनीतच सेलेनियम अधिक आहे. शिवालिकच्या टेकड्यांवरून वाहून आलेल्या गाळातून ते तेथे साचले, असे मानले जाते. चारा खाऊन गुरांचे खूर आणि शिंगे बिघडू लागल्यावर लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी १९८० नंतर त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. शेतात जिप्सम टाकल्यास त्यातील गंधक सेलेनियमला पिकात शिरण्यास अटकाव करते, हेही त्यांनी दाखवून दिले. असे पट्टे थोडे आहेत. म्हणून पंजाबच्या सर्वच गव्हाकडे संशयाने पाहणे गैर ठरेल.

संशोधनाची पुढील दिशा

सेलेनियम आढळणे आणि सेलेनियममुळेच केस गळणे, या दोन गोष्टींत शास्त्राच्या दृष्टीने अजून एक पायरी आहे. ती चढण्यासाठी तुलना लागते. ज्यांचे केस गळाले त्यांच्या जोडीला, त्याच वयाच्या, त्याच गावातील, पण केस शाबूत असलेल्या माणसांचेही रक्त आणि केस तपासावे लागतात. दोघांच्या जेवणातील गव्हाचा वाटा, गव्हाचे मूळ, पाण्याचा स्रोत यांचा ताळा घालावा लागतो. तसेच ज्या दूरच्या गावांत त्याच खेपेचा गहू गेला, तेथे काय झाले हेही पाहावे लागते. तेथेही केस गळाले असतील तर संशय दृढ होतो. न गळाले असतील, तर जस्ताची कमतरता किंवा अन्य काही घटक शेगावात जोडीला होता काय, हा नवा प्रश्न उभा राहतो. निरोगी माणसाने अशा कामासाठी रक्त देणे म्हणूनच रुग्णाइतकेच मोलाचे आहे. गावकऱ्यांना ही गोष्ट सहसा कोणी समजावून सांगत नाही.

केस स्वतःच या तपासात साक्षीदार होऊ शकतो. डोक्यावरील केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. एखाद्या मुलीच्या बारा सेंटिमीटर केसात वर्षभराची नोंद असते; टोकाकडे जुनी, मुळाकडे नवी. आजच्या सूक्ष्ममापन यंत्रांनी केसाच्या लहान-लहान तुकड्यांतील सेलेनियम मोजता येते. ते कोणत्या महिन्यात चढले, हे त्यावरून ठरविता आले, तर तो महिना आणि धान्य आल्याचा महिना एकमेकांशी ताडून पाहता येईल. गळालेले केस कोणी पुडीत जपून ठेवले असतील, तर ते टाकाऊ समजू नयेत.

नखांची साक्ष उशिरा येते. बोटाचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते. मुळाशी झालेली इजा पुढे येऊन दिसावयास त्याला काही महिने लागतात. एप्रिल २०२५ मध्ये याच भागातील काही जणांची नखे ठिसूळ होऊन गळू लागल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा गावात पुन्हा घबराट पसरली. परंतु डिसेंबरमध्ये मुळाशी दुखावलेले नख एप्रिलपर्यंत बारा मिलिमीटर पुढे सरकते, हे ध्यानात घेतल्यास तो नवा रोग नसून जुन्याच बाधेचा उशिरा दिसलेला अंश असू शकतो.

जनावरांकडेही पाहावयास हवे. १९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा, डुंगरपूर आणि लगतच्या गुजरातच्या आदिवासी गावांत बुरशी धरलेल्या मक्यामुळे काविळीची साथ येऊन शंभरावर माणसे दगावली. त्या वेळी घरचे उष्टे खाणारी कुत्रीही त्याच रोगाने मेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांना रोग संसर्गाचा नसून अन्नाचा आहे, हे ओळखण्यास त्या गोष्टीची मदत झाली. शेगावातील कोंड्यावर, उरलेल्या पोळ्यांवर पोसलेल्या शेळ्या-गाईंचे खूर आणि केस कसे आहेत, हे पशुवैद्यकांनी पाहिल्यास असाच उपयोग होईल.

उपचाराच्या बाबतीत सांगण्यासारखे थोडेच आहे. सेलेनियमवर उतारा म्हणून सिद्ध झालेले औषध नाही; ते पोटात जाणे थांबवावे लागते, मग शरीर ते हळूहळू लघवीवाटे बाहेर टाकते. शेगाव तालुक्यातील अनेकांच्या डोक्यावर पुढील काही आठवड्यांत पुन्हा केस उगवू लागले, ही त्यातली दिलासा देणारी बाब. अमेरिकेतील २००८ च्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांचे त्रास मात्र तीन महिन्यांनंतरही टिकून होते. म्हणून बाधितांची वर्ष-दोन वर्षे पुन्हा पुन्हा तपासणी होणे, हा संशोधनाचा आवश्यक भाग ठरतो.

दप्तरातील पुरावा

धान्याचा माग काढणे हे यातील सर्वांत अवघड काम आहे. खरेदी केंद्रापासून महामंडळाचे कोठार, तेथून शासकीय गोदाम आणि मग रास्तभाव दुकान, असा गव्हाचा प्रवास असतो. वाटेत खेपा एकमेकींत मिसळतात. तरीही आता दुकानातील यंत्रावर अंगठा लावूनच धान्य दिले जात असल्याने कोणत्या शिधापत्रिकेवर कोणत्या तारखेला किती गहू उचलला गेला, याची नोंद राहते. त्या नोंदीशेजारी बाधितांची यादी ठेवली, की गहू घरी आल्यापासून किती दिवसांनी केस गळू लागले, हे कुटुंबागणिक काढता येते. पोत्यावरील चिठ्ठी फाडून टाकली गेली, तर हा धागा मात्र तेथेच तुटतो.

दुसरा पुरावा शाळेत आहे. डोके उघडे पडल्याच्या लाजेने मुले ज्या दिवसापासून शाळेत येईनाशी झाली, तो दिवस हजेरीपटावर आहे. रुग्णाच्या आठवणीत तारीख दोन-चार दिवस इकडेतिकडे होते, हजेरीपटावर होत नाही. आशा कार्यकर्तीच्या वहीत ताप, जुलाब यांच्या भेटी असतात. ग्रामपंचायतीकडे पाणीपुरवठ्याच्या आणि पाणी शुद्धीकरणाच्या नोंदी असतात. संशोधकांचे पथक गावात येते तेव्हा बहुधा तीन-चार आठवडे उलटून गेलेले असतात, घरातला तो गहू संपलेला असतो आणि कणगीत नवा आलेला असतो. अशा वेळी त्या पहिल्या आठवड्यात कोणी एखाद्या ग्रामसेवकाने किंवा शिक्षकाने बाधित घरातील मूठभर गहू कागदात बांधून, वर घराचे नाव आणि तारीख घालून ठेवला असेल, तर प्रयोगशाळेच्या दृष्टीने त्या पुडीइतकी उपयोगी वस्तू दुसरी नसते.